दाणा दुधात असताना

माय कालपासून माझ्या कपड्यांवर आकडा शिवतेय.
लाल दोरा, एक्केचाळीस.
बनियनवर, टॉवेलवर, मोज्यांच्या आतल्या बाजूला.
राशोलच्या सेमिनरीत सगळ्यांचं धुणं एकत्र असतं म्हणून.
कालपर्यंत माझ्या पाठीवर एक होता, गोलकीपरचा.
तो शर्ट मी झेफेरीनला दिला,
त्याला तो गुडघ्यापर्यंत येतो.

बाप बाल्कांवात बसलाय, नदीकडे पाठ करून.
आमच्या दिवाडीत बापाला पाय म्हणतात,
आणि माझ्या पायचे पाय गेलेत:
एकतीस वर्षं बोटीच्या भटारखान्यात उभ्यानं
दुसऱ्यांच्या सुट्ट्या तळून काढल्या त्यानं.
"देव कुठं पळून जातोय?" तो म्हणतो.
"आधी बोट धर.
घरावर स्लॅब पडू दे, बहिणीचं होऊ दे,
मग दे त्याला उरलेलं. मी दिलं तसं."
बोट धर, म्हणतो.
मी कुणाचं बोट धरलंय ते त्याला ठाऊक आहे,
म्हणून तर पुन्हापुन्हा म्हणतो.

संध्याकाळी तेर्साला सगळे खाली, तो एकटा खुर्चीवर.
एकदा हसत म्हणाला होता, मला नाही, आल्तारीला:
"गुडघे टेकायला सवड मिळाली
तेव्हा गुडघेच उरले नव्हते रे."

बेलार्मिन माझ्याहून तीन महिन्यांनी लहान होता.
आता तीन वर्षं तीन महिन्यांनी.
त्याचंही सगळं ठरलेलं: पासपोर्ट, परदेश,
चाळिशीनंतर चर्चच्या क्वायरमध्ये व्हायोलिन.
रायबंदरच्या बांधावर, शेवटची फेरी गाठायच्या घाईत.
फेरी त्या रात्री दहा मिनिटं उशिरा सुटली.
मी त्याच्या मरणातून देवाचा निरोप काढत नाही,
तो माझा अधिकार नाही.
एवढंच, की तेव्हापासून 'नंतर' हा शब्द
मला त्या बांधासारखा दिसतो,
अरुंद, आणि दोन्हीकडे पाणी.

आणि मी काही संत नाही.
फेरीच्या कठड्याशी केरोबिना केस आवरायची,
वारा तिला आवरू द्यायचा नाही.
ही ओळ मी दोनदा खोडली.
राहू दे. रिकामी मूठ उघडून दाखवण्यात
देणं कसलं?

आज जेवताना पायला म्हटलं,
गेल्या ऑगस्टात कणसांच्या फेस्ताला
आपल्या शेतातली जुडी मीच कापली होती, आठवतं?
दाणा अजून दुधात होता,
नखानं दाबला तर पांढरा थेंब आला.
तूच म्हणालास, चांगली बघून घे, पहिली.
त्या दिवशी कुणी नाही म्हणालं
मळणी होऊ दे, पोती भरू दे,
घुशींचं घुशींना जाऊ दे,
उरलं तर नेऊ इगर्जीत.

तो बराच वेळ माशाचा काटा शोधत राहिला,
काटा नसलेल्या घासात.
मग म्हणाला,
"म्हणजे मी काय दिलं त्याला? पेंढा?"

मला उत्तर नव्हतं.
एवढी पुस्तकं वाचून, फादरांसमोर एवढं बोलून
मला उत्तर नव्हतं.
मायनं दातानं दोरा तोडला.
"पेंढ्यावरच तर निजला होता तो," म्हणाली,
"पहिल्या रात्री."
आणि पुढचा टॉवेल ओढून घेतला.

आता पहाट. पहिली फेरी सुटायला वेळ थोडा.
पायनं माळ्यावरून त्याची बोटीची ट्रंक काढवलीय,
वर कुठल्याशा बंदराचं अर्धं लेबल.
झाकणाला गंज, आत डांबरगोळ्यांचा वास.
शर्ट मोजले, बनियन मोजले.
एक मोजा सापडत नाही.
माय कपाटात बघते, झेफेरीन अंगणात,
आणि पाय,
पलंगाचा खूर धरून, कण्हत, हळूहळू
दोन्ही गुडघ्यांवर खाली उतरलाय,
काळोखात हात घालून चाचपतोय:
"थांब रे. इथंच असेल. थांब."